रमीच्या पानावर उघडणारा शोधनिबंध : कोल्हापुरातल्या एका शोधपत्रिकेच्या डीओआयचं प्रकरण

२०२३ च्या मार्चमधली गोष्ट. सांगलीकडचे एक प्राध्यापक करिअर अ‍ॅडव्हान्समेंटच्या म्हणजे पदोन्नतीच्या मुलाखतीला बसले होते. छाननी समितीतल्या कुणीतरी त्यांच्या शोधनिबंधाखालची डीओआयची, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ओळखक्रमांकाची, लिंक सहज म्हणून उघडली, आणि समोरच्या पडद्यावर पत्ते पिसायला लागले. ऑनलाइन रमी, पहिल्या डावाला बोनस. निबंध होता महापुरानंतरच्या पीकनुकसानीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आमच्या संपादक सरांना आला, आणि दहाव्या मिनिटाला सरांचा मला. "मॅडम, तुमच्या लायब्ररीच्या भाषेत याला काय म्हणतात ते नंतर सांगा, आधी ती रमी बंद करा."

रमी बंद करणं आमच्या हातात नव्हतं, हे कळायला दोन दिवस लागले. का नव्हतं हे समजून घेऊन सगळी घडी नीट बसवायला सव्वा वर्ष गेलं. त्या सव्वा वर्षाची ही हकिगत. मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या पदव्युत्तर विभागाची एक सहामाही शोधपत्रिका आहे. जून आणि डिसेंबर असे दोन अंक, अंकाला सात-आठ निबंध, निम्मे मराठीत आणि निम्मे इंग्रजीत. गुऱ्हाळघरांचं अर्थकारण, कोल्हापुरी चपलेचे कारागीर, ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा, पंचगंगेचा पूर असे विषय. पत्रिका छापून निघते आणि २०१२ पासून संकेतस्थळावरही येते. मोठी नाही, पण आसपासच्या तीन जिल्ह्यांतली संशोधक पोरं तिच्यातले निबंध खरोखर वाचतात आणि संदर्भ म्हणून देतात.

एक्केचाळीस नंबर

आधी मी साधं काम केलं. डिसेंबर २०१८ ते डिसेंबर २०२० या पाच अंकांतल्या निबंधांवर डीओआय छापले होते. एकूण ४१. ते एका तक्त्यात उतरवले आणि एकेक नंबर डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यापुढे टाकून पाहिला. २९ उघडले, ते सगळे त्याच रमीच्या दारात. उरलेल्या १२ ना 'डीओआय सापडला नाही' असं उत्तर आलं. ते १२ शेवटच्या दीड अंकातले होते. म्हणजे दोन वेगळे आजार होते, आणि बाहेरून लक्षण एकच दिसत होतं, की निबंध उघडत नाही.

हे दोन आजार समजायला डीओआय म्हणजे काय हे थोडं उलगडायला हवं. प्रत्येक डीओआयची सुरुवात दहा या आकड्याने आणि टिंबाने होते. त्यापुढचे आकडे नोंदणी करणाऱ्याचे. या सगळ्याला मिळून प्रीफिक्स म्हणतात. मग तिरकी रेघ, आणि रेघेपुढे त्या निबंधाचा स्वतःचा क्रमांक, तो सफिक्स. उदाहरणार्थ १०.१०००/१८२ हा नंबर टाकला की डीओआयच्या व्यवस्थेची स्वतःची हस्तपुस्तिका उघडते. (इथे मी आकडे देवनागरीत लिहिले आहेत. पत्त्याच्या चौकटीत ते इंग्रजी आकड्यांतच टाकावे लागतात, आणि यावरूनही आमच्याकडे एक घोटाळा झाला होता, तो पुढे येईल.) निबंध आज कोणत्या पत्त्यावर ठेवला आहे हे नंबरात कुठेच लिहिलेलं नसतं. ते मध्यवर्ती नोंदीत असतं. वाचक नंबर दाबतो, नोंद त्याला आजच्या पत्त्यावर पाठवते. घर बदललं की घरमालकाने जाऊन नोंदीतला पत्ता बदलायचा, एवढीच अट.

विभागप्रमुख मॅडमना हे सांगताना मी सातबारा काढला. त्या करवीर तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या, त्यांना लगेच समजलं. गट नंबर तोच राहतो, कब्जेदार बदलतो. पण फेरफार नोंदवला नाही तर आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी उताऱ्यावर आजोबाच. डीओआय म्हणजे गट नंबर. निबंधाचा वेबपत्ता म्हणजे कब्जेदाराचं नाव. आमच्या २९ निबंधांचा गट नंबर खरा होता, फेरफार झाला नव्हता. आणि १२ निबंधांना जो नंबर दिला होता, तो कुठल्याच चावडीत नोंदलेला नव्हता. कागदावर नुसता लिहिला होता.

"म्हणजे आपली जमीन दुसऱ्याच्या नावावर आहे," मॅडम म्हणाल्या.

अगदी तेच होतं.

एजंट

२०१८ मध्ये एक गृहस्थ महाविद्यालयात आले होते. कोणत्या गावचे ते सांगत नाही. निबंधाला ५०० रुपये घेऊन डीओआय देतो म्हणाले. लेखकांनी आनंदाने दिले, ४१ निबंधांचे साडेवीस हजार झाले. त्या काळात कुणालाही विचारलं तरी डीओआय म्हणजे दर्जाचा शिक्का असंच वाटायचं. यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या शोधपत्रिकांची, यादी तेव्हा नवी नवी चर्चेत होती, प्रत्येक पत्रिका धास्तावलेली, आणि मुखपृष्ठावर जितकी इंग्रजी आद्याक्षरं जास्त तितकी पत्रिका वजनदार, असा समज होता. (ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आद्याक्षरांची हौस बंद झालेली नाही.) डीओआयचा आणि दर्जाचा काहीही संबंध नाही. निबंध तज्ज्ञांनी तपासला की नाही, हे नंबर सांगत नाही. हा निबंध अमुक ठिकाणी सापडेल, एवढंच तो सांगतो.

गृहस्थांनी केलेली गोष्ट तशी बेकायदा नव्हती. ते क्रॉसरेफचे सभासद होते. जगातले बहुतेक शोधपत्रिकांचे डीओआय ज्या संस्थेकडे नोंदवले जातात ती ही क्रॉसरेफ, २००० साली प्रकाशकांनी एकत्र येऊन काढलेली, ना-नफा. गृहस्थांनी आमचे निबंध स्वतःच्या प्रीफिक्सवर नोंदवले, आणि पत्ता दिला स्वतःच्या संकेतस्थळाचा, जिथे त्यांनी आमच्या पीडीएफ चढवल्या होत्या. आम्हाला वाटलं नंबर मिळाला. प्रत्यक्षात पत्रिकेची किल्ली त्यांच्या खिशात गेली. पुढे त्यांचा धंदा बसला की काय झालं कोण जाणे, फोन लागेना. शेवटच्या दीड अंकातल्या निबंधांना त्यांनी नंबर कळवले, ते आम्ही छापले, नोंदणी त्यांनी कधी केलीच नाही. मग त्यांच्या डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची, मुदत संपली, ते कुणीतरी विकत घेतलं आणि त्यावर रमी बसवली.

दोष सगळा त्यांच्या माथी मारायला मला अवघड जातं. अंक छापून आल्यावर एक तरी नंबर दाबून बघायचं काम आमचं होतं. पाच अंकांत, अडीच वर्षांत, संपादक मंडळातल्या अकरा जणांपैकी एकानेही ते केलं नाही. त्या अकरांत मीही होते.

एखादा प्रीफिक्स कोणत्या नोंदणी संस्थेकडचा आहे हे बघायची सोय आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. डीओआय डॉट ऑर्ग, मग तिरकी रेघ, मग इंग्रजीत आर आणि ए ही दोन अक्षरं, परत रेघ आणि प्रीफिक्स. उत्तरात संस्थेचं नाव येतं. ते क्रॉसरेफ असेल तर त्यांच्या शोधखिडकीत तो निबंध कोणत्या प्रकाशकाच्या नावे आहे तेही दिसतं. दोन मिनिटांचं काम. २०१८ मध्ये हे केलं असतं तर पहिल्याच अंकाला प्रकाशकाच्या रकान्यात परकं नाव दिसलं असतं.

पैशाचा हिशेब

सगळ्यात आधी वाटलं, थेट क्रॉसरेफचं सभासद व्हावं. २०२३ च्या दरपत्रकाप्रमाणे सगळ्यात छोट्या प्रकाशकाला वर्षाची वर्गणी २७५ डॉलर. चालू आणि मागच्या दोन वर्षांतला निबंध नोंदवायला एक डॉलर, त्याहून जुन्याला १५ सेंट. संकेतस्थळावर आमचे एकूण १८० निबंध होते. त्यांतले २९ आधीच नोंदलेले, उरले १५१. त्यांत २०२१ पासूनचे ३९, म्हणजे ३९ डॉलर. जुने ११२, म्हणजे १६ डॉलर ८० सेंट. वर्गणी धरून ३३० डॉलर ८० सेंट. तेव्हाच्या भावाने साडेसत्तावीस हजार रुपये.

मी हा कागद घेऊन मोठ्या उत्साहात अकाउंट्सला गेले. तिथले काका तीस वर्षांचे मुरलेले. त्यांनी चष्मा वर करून एकच प्रश्न विचारला, "पुढच्या वर्षी किती?" पुढच्या वर्षी जुने निबंध नसणार, १६ नवे असणार. २७५ आणि १६ मिळून २९१ डॉलर. काकांनी कॅल्क्युलेटर दाबला. निबंधामागे १८ डॉलरच्या वर, म्हणजे पंधराशे रुपये. "आणि तुम्ही त्या माणसाला पाचशे घेतले म्हणून नावं ठेवताय."

मला उत्तर देता आलं नाही. 'डीओआय फक्त एक डॉलर' हे वाक्य मी कार्यशाळांमधून इतक्यांदा ऐकलं होतं की वर्गणी भागून बघायचं सुचलंच नव्हतं. त्या दरपत्रकाने वर्षाला हजार निबंध काढणाऱ्याला तो खरंच एक डॉलर आणि वर काही पैसे पडायचा. सोळा काढणाऱ्याला पंधराशे रुपये. गरीब देशांतल्या संस्थांना क्रॉसरेफ २०२३ पासून वर्गणी आणि नोंदणी दोन्ही माफ करते. त्या यादीत नेपाळ आणि बांगलादेश आहेत, भारत नाही.

शिवाय डॉलरचं बिल. महाविद्यालयाकडे परदेशी व्यवहाराचं कार्ड नव्हतं. कुणाच्या तरी खासगी कार्डाने भरायचं आणि नंतर मंजूर करून घ्यायचं, याला काकांनी साफ नकार दिला. मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्यांचं बरोबर होतं. ज्याचं कार्ड त्याच्या नावावर खातं, आणि तो माणूस निवृत्त झाला की पुन्हा किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

शेवटी आम्ही प्रायोजकामार्फत सभासद झालो. क्रॉसरेफने काही संस्थांना प्रायोजक म्हणून मान्यता दिलेली असते. त्या छोट्या प्रकाशकांना आपल्या छत्राखाली घेतात, तांत्रिक काम सांभाळतात आणि बिल रुपयांत देतात. वरवर पाहिलं तर हाही एजंटच. फरक एकाच गोष्टीत आहे आणि तोच महत्त्वाचा. इथे सभासद म्हणून नाव आमच्या संस्थेचं असतं आणि प्रीफिक्स आमचा स्वतःचा. उद्या प्रायोजक बदलला किंवा आम्ही थेट सभासद झालो तरी प्रीफिक्स आमच्याकडेच राहतो. करारावर सही करण्याआधी मी ही गोष्ट लेखी मागितली, आणि संपर्काचा ईमेल कुणाच्या नावाचा न ठेवता संपादक-कार्यालयाच्या नावाचा ठेवला.

आमच्याच संस्थेत आणखी तीन विभागांच्या पत्रिका निघतात. चौघींनी मिळून एकच सभासदत्व घेतलं असतं तर २७५ डॉलर चार ठिकाणी वाटले गेले असते, एका प्रीफिक्सवर हव्या तेवढ्या पत्रिका बसतात. तसा प्रस्ताव मी दिला. प्रत्येक विभागप्रमुखाला तो पटला. बिल कोणाच्या हेडखाली टाकायचं यावर बैठक संपली.

योगेश

खरा घाम काढला तो मेटाडेटाने. नंबर नोंदवायचा म्हणजे निबंधाचं शीर्षक, लेखकांची नावं, अंक, पृष्ठं, तारीख, संदर्भसूची अशी सगळी माहिती यंत्राला कळेल अशा रूपात द्यायची. इंग्रजी निबंधांचं काम आठवड्यात झालं. मराठी निबंधांच्या पीडीएफमधून शीर्षक कॉपी करून चिकटवलं तर रोमन अक्षरं, टोप्या, तुकडे आणि चौकोन यांचा चिवडा पडायला लागला. कारण २०१७ पर्यंतचे सगळे अंक प्रेसमध्ये योगेश फॉन्टात लागले होते, काही श्रीलिपीत. या जुन्या फॉन्टांत डोळ्यांना 'पंचगंगा' दिसतं, पण फाइलच्या आत ती भलत्याच इंग्रजी चिन्हांची रांग असते. फॉन्टने नुसता देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. मशीनला तिथे मराठी दिसतच नाही. गुगललाही ते निबंध इतकी वर्षं सापडत नव्हते, याचं कारण तेव्हा उमगलं.

रूपांतर करणारी सॉफ्टवेअरं वापरून पाहिली. नव्वद टक्के ठीक, उरलेल्या दहात रफार सरकलेला, 'ऱ्हास'चा 'र्हास' झालेला, 'गुऱ्हाळ' तर तीन निबंधांत तीन तऱ्हांनी. शोधपत्रिकेच्या शीर्षकात गुऱ्हाळ चुकणं, आणि तेही कोल्हापुरात, हे मला सहन होईना. शेवटी एम.ए.च्या दोन विद्यार्थिनींना बसवलं आणि १०० च्या आसपास शीर्षकं आणि सारांश युनिकोडमध्ये, म्हणजे मशीनला कळणाऱ्या खऱ्या देवनागरीत, हाताने टाइप करून घेतले. कमवा आणि शिका योजनेतून त्यांना मानधन मिळालं. त्यांतली एक जण पुढे प्रूफरीडर झाली.

क्रॉसरेफला देवनागरी चालते. मूळ भाषेतलं शीर्षक वेगळ्या रकान्यात देता येतं, आणि भाषा म्हणून मराठीचा संकेतही. आम्ही मराठी निबंधांना मराठी शीर्षक मूळ म्हणून दिलं, शेजारी इंग्रजी. आधीच्या एजंटने सगळीकडे फक्त इंग्रजी भाषांतर टाकलं होतं, आणि तेही असं की 'उसाच्या फडात' याचं जे काय झालं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. क्रॉसरेफकडे नोंदवायच्या नंबरात मात्र देवनागरी चालत नाही. सफिक्ससाठी रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि मोजकी चिन्हं एवढीच मुभा.

आता तो घोटाळा. डिसेंबर २०१९ च्या छापील अंकात प्रेसने मजकुरातले आकडे एका फटक्यात देवनागरीत बदलले होते, नेहमीसारखे. त्यात डीओआयचे आकडेही बदलले. म्हणजे कागदावरून बघून टाइप करणारा ठीक, पण पीडीएफवरून कॉपी करणाऱ्याला त्या अंकातला एकही नंबर उघडला नसता, खरा असूनही. हे कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याही नाही. मी तक्ता करताना आकडे हाताने टाकले होते म्हणून मलाही चुकलं होतं. एका विद्यार्थिनीने पकडलं.

नंबर कसा असावा यावर संपादक मंडळात तासभर खल झाला. सरांना नंबरात पत्रिकेचं लघुनाम, वर्ष, खंड, अंक सगळं हवं होतं. वाचून कळलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. मी म्हटलं, २०१५ मध्ये आपण पत्रिकेचं नाव बदललं. जुनं नाव नंबरात असतं तर आज ते कायमचं चिकटून बसलं असतं, कारण नंबर बदलता येत नाही. ज्याला अर्थ आहे तो कधीतरी चुकीचा ठरतो, म्हणून नंबर जितका निरर्थक तितका टिकाऊ. गट नंबर १४२ मध्ये शेतकऱ्याचं नाव नसतं ते बरंच असतं. सर अजूनही पूर्ण पटले असं म्हणवत नाही, पण तडजोड झाली. साधा चढता क्रम, कोणत्याही अर्थाशिवाय.

लेखकांची नावं हा आणखी एक गमतीचा भाग. आमच्या १८० निबंधांत 'एस. पाटील' सात जण निघाले, एकाच विभागातले दोन. त्यातले एक कधी मराठीत 'संभाजी', कधी इंग्रजीत नुसता एस, कधी वडिलांच्या नावासकट. यावर इलाज ऑर्किड. २०१२ पासून सुरू असलेला संशोधकाचा ओळखक्रमांक, सोळा अंकी, फुकट. शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्या जागी कधीकधी इंग्रजी एक्स येतो आणि लोक घाबरतात की चुकलं. नव्या अंकापासून आम्ही ऑर्किड सक्तीचा केला. जुन्या लेखकांना पत्रं पाठवली, थोड्यांनीच कळवला. दोघे जण वारले होते. त्यांच्या नावापुढे रकाना रिकामाच ठेवला, कारण ऑर्किड ज्याचा त्यानेच काढायचा असतो.

प्रबंधांना नको, पुराच्या आकड्यांना हवा

हे चाललं असताना नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, तयारी सुरू झाली आणि वरून निरोप आला, 'सगळ्या संशोधनाला डीओआय काढा.' सगळ्या म्हणजे आमच्या संशोधन केंद्रातल्या पीएच.डी. प्रबंधांनाही. मी नाही म्हटलं. हे प्रबंध शिवाजी विद्यापीठाचे, आणि ते शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढलेले आहेत. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट या केंद्राची शोधगंगा प्रत्येक प्रबंधाला हँडल नावाचा कायमचा क्रमांक देते, १०६०३ ने सुरू होणारा. हँडल म्हणजे डीओआयचा थोरला भाऊच. डीओआयची सगळी यंत्रणा हँडलच्याच पायावर उभी आहे, इतकी की हँडलच्या पत्त्यापुढे डीओआय टाकला तरी तो उघडतो. एका जमिनीचे दोन सातबारे काढायचे कशाला? निबंधाला काय किंवा प्रबंधाला काय, दोन कायमचे नंबर दिले की उद्धरणं वाटली जातात आणि पुढच्याला कळेना होतं की खरा कोणता. नॅकच्या अहवालात आम्ही शोधगंगेचे हँडल दिले, कुणी हरकत घेतली नाही.

डीओआय खरा हवा होता तो भूगोलाच्या एका निवृत्त सरांच्या पेनड्राइव्हला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या पुढे गेली, धोक्याची पातळी ४३ फूट. त्यानंतर सरांनी आणि विद्यार्थ्यांनी चिखली आणि आंबेवाडीत घरोघरी जाऊन पाणी कुठवर चढलं होतं याच्या खुणा मोजल्या. भिंतीवरचा चिखलाचा पट्टा, टेप लावून. २०२१ च्या पुरानंतर त्याच घरांत पुन्हा. अशी माहिती दुसरीकडे कुठेच नाही, आणि ती सगळी एका एक्सेलमध्ये, एका पेनड्राइव्हवर, सरांच्या कपाटात.

ती आम्ही झेनोडो या ऑनलाइन भांडारात ठेवली. झेनोडो २०१३ पासून जिनिव्हाची सर्न ही संस्था चालवते. डीओआय मोफत मिळतो, नोंद ५० जीबीपर्यंतची चालते. हे डीओआय डेटासाइटकडचे, २००९ मध्ये खास संशोधनाच्या माहितीसंचांसाठी निघालेल्या संस्थेचे. नंबर देण्याआधी तीन गोष्टी निस्तराव्या लागल्या. घरमालकांची नावं आणि घर नंबर काढून टाकले, घराच्या ओळखीत उंबऱ्याची उंची आणि वाडी एवढंच ठेवलं. काही रकान्यांत सरांनी पाटबंधारे खात्याच्या नोंदी चिकटवल्या होत्या, त्या आमच्या नव्हत्या म्हणून वगळल्या. आणि कुणी वापरायचं कसं याचा परवाना, नाव द्या आणि वापरा, असा खुला ठेवला. झेनोडोवर दोन नंबर मिळतात. एक या आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांना मिळून. सरांना पोटहिश्शाचं उदाहरण दिलं. गट १४२, त्यात १४२/१, १४२/२. पुढचा पूर आला आणि पुन्हा मोजलं तर नवी आवृत्ती चढेल, तिला नवा नंबर मिळेल, जुना आकडा जिथल्या तिथे राहील. "पुढचा पूर येईलच," सर म्हणाले. ते मोजमापाबद्दलच बोलत होते.

फेरफार

आता मूळ दुखणं, ते २९. त्यांना आमच्या नव्या प्रीफिक्सवर दुसरे नंबर देणं सोपं होतं, मोहही झाला. पण जुने नंबर लोकांच्या प्रबंधांत, संदर्भसूचींत गेलेले. ते मरू द्यायचे आणि नवे काढायचे, म्हणजे रमी तशीच चालू ठेवायची. योग्य वाट ही की पत्रिकेची मालकी आधीच्या सभासदाकडून आमच्याकडे वळवून घ्यायची. नंबर तेच राहतात, प्रीफिक्सही जुना राहतो, पण नोंद बदलायचा हक्क आपला होतो. नोंद बदलायला क्रॉसरेफ पैसे घेत नाही. एरवी यासाठी आधीच्या सभासदाची संमती लागते. इथे आधीचा सभासद गायब. आम्ही आयएसएसएनच्या, म्हणजे नियतकालिकाला मिळणाऱ्या क्रमांकाच्या, नोंदीचा उतारा जोडला, त्यात प्रकाशक म्हणून आमच्या संस्थेचं नाव पहिल्या दिवसापासून होतं. सोबत २०१८ च्या छापील अंकाचं पहिलं पान आणि प्राचार्यांचं पत्र. त्याच वेळी ध्यानात आलं की आमच्याकडे आयएसएसएन फक्त छापील पत्रिकेचा आहे, ऑनलाइनचा वेगळा घ्यावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडे तोही अर्ज केला. तो फुकट मिळतो, एवढं समाधान.

पत्रव्यवहार काही महिने चालला. मग एका संध्याकाळी प्रायोजकाचा निरोप आला, 'झालं.' मी सांगलीच्या त्या सरांच्या निबंधाचा नंबर टाकला. पीकनुकसानीवरचा निबंध उघडला, आमच्या संकेतस्थळावर, वर शीर्षक, खाली सारांश. त्यांना फोन केला. त्यांची पदोन्नती दरम्यान झालेली होती. त्यांनी आभार मानले, पण नंबर उघडून पाहिला असं मला वाटत नाही.

उरलेले १२ आमच्या नव्या प्रीफिक्सवर नोंदवले. त्या प्रत्येक निबंधाच्या पानावर तळाला दोन ओळी आहेत. आधी छापलेला क्रमांक कधी नोंदवला गेला नव्हता, तो वापरू नये, खरा हा. ज्यांनी तो जुना नंबर आपल्या प्रबंधात दिला आहे त्यांच्या संदर्भसूचीत मात्र तो तसाच राहणार, त्याला इलाज नाही.

प्रत्येक निबंधाला स्वतःचं पान हवं, नंबर थेट पीडीएफवर नेऊ नये, हा क्रॉसरेफचा नियम. आमचं जुनं संकेतस्थळ म्हणजे पीडीएफची नुसती यादी होती, त्यामुळे पत्रिका ओजेएस या मोफत प्रणालीवर हलवली. या निमित्ताने ओजेएस बनवणाऱ्या पीकेपीच्या जतन-जाळ्यातही नाव घातलं, कारण डीओआय निबंध जपत नाही, तो फक्त वाट दाखवतो. आमचा सर्व्हर जळला तर नंबर नेमका त्या राखेपाशी नेऊन सोडेल.

एक जाड फुलस्केप वही केली आहे. मुखपृष्ठावर 'फेरफार' लिहिलंय, शिपाईमामांना वाटतं ती शेतीच्या कामाची आहे. त्यात संकेतस्थळाचा पत्ता, डोमेनची मुदत संपायची तारीख, प्रायोजकाच्या बिलाची तारीख, खात्याचा ईमेल आणि तो कुणाकुणाकडे उघडतो, एवढं. नवा अंक चढला की त्यातला एकेक नंबर दाबून बघायचा आणि पुढे सही करायची. शेवटची सही डिसेंबरच्या अंकाची आहे. सात निबंध, सहा उघडले. सातव्याच्या नंबरात शून्याऐवजी इंग्रजी ओ पडला होता. त्या ओळीपुढे पेन्सिलने लिहिलंय, 'प्रेसला कळवले, उद्या बघणे.'